पिस्टन दोनदा वर येतो

इंजिनातला पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं आणि माहीत नसल्यामुळे माझं कुठेही काही अडलं नव्हतं. मी एका ऑफिसात रेकॉर्ड विभाग सांभाळतो. सव्वीस वर्षं झाली. आमच्याकडे कपाटातून फाईल काढली की तिच्या जागी पिवळी चिठ्ठी ठेवायची पद्धत आहे: कोणती फाईल, कोणी नेली, कधी नेली. चिठ्ठी न ठेवता फाईल नेणाऱ्यांना मी आजवर जे काही बोललोय ते इथे लिहिण्यासारखं नाही. एकाने तर त्यानंतर बदली मागून घेतली. सांगायचा मुद्दा असा, की वस्तू जागेवरून हलवण्याआधी खूण करावी हे मला शिकवण्याची कोणाची टाप नव्हती. निदान मी तरी तसं समजत होतो.

गाडी माझी नव्हती, सासऱ्यांची होती. बाबांचे डोळे दोन वर्षांपूर्वी अधू झाले. समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण आहे ते आवाजावरून ओळखावं लागतं. लायसन्स त्यांनी स्वतःहून परत केलं, घर आवरलं आणि आमच्याकडे राहायला आले. येताना एक सुटकेस आणली आणि ही गाडी. आता घर आमचं, जेवणाच्या वेळा आमच्या, खिडकी किती उघडायची तेही आम्हीच ठरवणार. त्या सगळ्यात त्यांची स्वतःची म्हणावी अशी ती एक गाडी. रोज सकाळी चहा झाला की ते कठडा धरून खाली उतरायचे, चालकाच्या शेजारच्या सीटवर बसायचे, मी गाडी सुरू करायची आणि त्यांनी दहा मिनिटं इंजिन ऐकायचं. "आज बरं वाजतंय," म्हणायचे आणि वर यायचे. कधीकधी दिवसभरातलं त्यांचं तेवढंच बोलणं असायचं.

चावी माझ्या हातात देताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती. "जावईबापू, ह्यातलं काय वाटेल ते खोला. फक्त डिस्ट्रिब्युटर काढू नका. तो मी माझ्या हातांनी बसवलाय."

डिस्ट्रिब्युटर म्हणजे बरणीएवढा एक डबा असतो. चार सिलिंडरांपैकी कोणाला कधी ठिणगी द्यायची हे तो ठरवतो. मी तो काढला.

आता का काढला, हे सांगायला हवं. मी काही खोडकर माणूस नाही. झालं असं, की जुन्या गाड्यांच्या तपासणीचं पत्र आलं. अठ्ठावीस तारखेच्या आत गाडी स्वतःच्या चाकांवर तपासणी केंद्रात हजर करावी, न केल्यास नोंदणी रद्द, आणि नोंदणी रद्द झालेली गाडी सरकारी ट्रक येऊन भंगारात घेऊन जाईल. हिने ते बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. बाबांनी नुसता चष्मा काढून पुसला, जो ते आता सवयीपोटीच लावतात. मला ते बघवेना. "बाबा, काळजीच करू नका, पास करून आणतो," असं मी बोलून गेलो, तेही जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर. पुरुषाने जेवणाच्या टेबलावर कमी बोलावं असं मला आता वाटतं.

डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी तेलाचा ओलावा दिसत होता. तेल गळणारी गाडी पास करत नाहीत असं ऐकलं होतं. इंटरनेटवर एक टोपीवाला गृहस्थ अशाच गाडीचा डिस्ट्रिब्युटर उपसून, खालचं रबरी कडं बदलून, चार मिनिटांत परत बसवत होता. त्याने बजावून सांगितलं होतं, की काढण्याआधी खूण करा. हे ऐकून मी मनाशी हसलो. मला सांगतोय. रविवारी सकाळी मी खाली जाऊन पांढऱ्या खडूने इतकी सुबक खूण केली की ती बघायला हिला वरून बोलावलं. मग डिस्ट्रिब्युटर काढला, कडं बदललं, आणि हात धुताना माझ्या मनात आलं की एवढं केलंय तर इंजिनही साबणाच्या पाण्याने धुऊन घ्यावं. तपासणाऱ्याला पहिल्या नजरेत प्रसन्न वाटेल.

इंजिन प्रसन्न झालं. खडू वाहून गेला.

तरीही एक वेळ अंदाजाने बसवता आला असता. पण तेवढ्यात पाण्याचा टँकर आला आणि वॉचमनने गाडी चार हात मागे घ्यायला सांगितली. मी आणि वॉचमनने ती ढकलली. ती गियरमध्ये होती. त्यामुळे चाकांबरोबर आतलं इंजिनही फिरलं, आणि किती फिरलं हे सांगायला पिवळी चिठ्ठी कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर बाबा चपला घालून दारात उभे राहिले. मी म्हणालो, "बाबा, बॅटरी उतरलीय. चार्जिंगला लावलीय."

"बरं," ते म्हणाले. "मी नुसता बसतो." आणि खाली येऊन बसले.

तेव्हापासून आमचा जो काही कारभार चालला तो त्यांच्यासमोर चालला. बॉनेट वर, त्याच्या मागे काच, काचेमागे बाबा, हात मांडीवर ठेवून शांत बसलेले. त्यांना दिसत नाही म्हणून आम्ही कुजबुजत बोलायचो. पुढे पुढे ही कुजबूज एवढ्या माणसांची झाली की तिचा आवाज जिन्यापर्यंत जायचा.

माणसं जमायला सोमवारीच सुरुवात झाली. पहिले आले आमचे सर. ते निवृत्त विज्ञान शिक्षक आणि आमच्या इमारतीचे सेक्रेटरी, दोन्ही एकाच देहात. आधी सेक्रेटरी आले. त्यांनी मला एक कागद दिला: इमारतीच्या आवारात वाहन दुरुस्ती करण्यास सक्त मनाई आहे, तरी आपण खुलासा करावा. मी कागद घेतला, पोच म्हणून सही दिली. मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या सरसावल्या आणि शिक्षक इंजिनावर वाकले.

"काय झालंय नेमकं?"

मी हळू आवाजात सांगितलं. त्यांनीही हळू आवाजात मला नापास केलं.

"हे बघा," सर म्हणाले, "एक नंबरचा पिस्टन अगदी टोकाला वर आणायचा. टॉपवर. मग डिस्ट्रिब्युटरचा काटा एक नंबरकडे करून तो आत सोडायचा. पण पिस्टन दोनदा वर येतो. एकदा हवा दाबायला, तेव्हा झडपा बंद असतात. एकदा धूर बाहेर टाकायला, तेव्हा एक झडप उघडी असते. आपल्याला दाबतानाचा हवाय. दुसरा घेतलात तर गेलात."

"आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात?"

"हुबेहूब."

मला आमचे साहेब आठवले. तेही दिवसातून दोनदाच केबिनबाहेर येतात, एकदा झापायला आणि एकदा घरी जायला, आणि चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळत नाही.

सोमवार एक नंबरचा सिलिंडर कोणता हे ठरवण्यात गेला. माझं मत पंख्याकडून मोजावं. सरांचं मत चालक बसतो तिकडून मोजावं, कारण वर्गातही पहिला बाक शिक्षकाकडून मोजतात. तळमजल्यावरच्या डेंटिस्टबाई दवाखाना उघडायला आल्या होत्या, त्या म्हणाल्या की आमच्यात मधून दोन्ही बाजूंना मोजतात. शेवटी हिने इंजिनावर चिंधी फिरवली तेव्हा पंख्याकडच्या टोकाला धातूतच एकचा आकडा उमटवलेला निघाला. तो जन्मापासून तिथे होता. सर म्हणाले, छापणाऱ्यांकडूनही चुका होतात.

मंगळवारी मी एक नंबरचा स्पार्क प्लग काढला. त्या भोकातून पिस्टन वर येतोय का हे बघायला काहीतरी काठीसारखं हवं होतं. माझ्या खिशात ऑफिसची लाल-निळी पेन्सिल होती. ती मी निळ्या बाजूने आत सोडली आणि हिला खाली पुलीच्या, म्हणजे इंजिन हाताने फिरवायच्या चाकाच्या, नटावर पाना लावून फिरवायला सांगितलं. पेन्सिल सुंदर वर येऊ लागली. मी "बास" म्हणालो. पण कुजबुजत म्हणालो, कारण बाबा बसले होते. हिला ऐकू गेलं नाही. पेन्सिल वर येता येता तिरकी झाली आणि कट्कन मोडली. लाल अर्धा माझ्या हातात, निळा अर्धा इंजिनात.

"काय मोडलं?" बाबांनी काचेआडून विचारलं.

"काही नाही बाबा, पेन्सिल," मी म्हणालो. हे खरं होतं, आणि त्या आठवड्यात मी त्यांच्याशी बोललेलं तेवढंच खरं वाक्य होतं.

डेंटिस्टबाई छोटा आरसा, टॉर्च आणि लांब चिमटा घेऊन आल्या. वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "पेशंटने हलायचं नाही." त्यांनी चाळीस मिनिटं काम केलं. निळा तुकडा निघाला, त्याचं टोकही निघालं. त्या म्हणाल्या, पेशंटचं वय बघता आतली तब्येत छान आहे, आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांपेक्षा स्वच्छ. माझ्या सासऱ्यांच्या गाडीची अशी स्तुती ऐकून मला लाज वाटली.

तुम्ही म्हणाल, एवढं करण्यापेक्षा मेकॅनिककडे का नाही गेलो. गेलो होतो. बाबांचा जुना मेकॅनिक धंदा बंद करून मुलाकडे परदेशात राहायला गेला होता. काचेच्या भिंतींच्या सर्व्हिस सेंटरमध्ये एक टायवाला तरुण भेटला, त्याने कॉम्प्युटरवर गाडीचं वर्ष शोधलं. यादी तेवढी मागे जात नव्हती. "इथे गाडीच नाहीये, सर," तो म्हणाला. मी म्हटलं, आहे, आमच्या जिन्याशेजारी आहे. तो म्हणाला, सिस्टिममध्ये नाहीये.

बुधवारी अर्धी रजा टाकून मी तपासणी केंद्रात मुदतवाढ मागायला गेलो. खिडकीत माझ्याच वयाचे एक गृहस्थ होते. टेबलावर ओल्या स्पंजची डबी, कोपऱ्यात टाचण्यांची वाटी. आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

"गाडी बंद आहे," मी म्हणालो. "पंधरा दिवसांची मुदतवाढ हवी."

"मिळते. बंद वाहनासाठी सवलत आहे," ते म्हणाले आणि एक फॉर्म पुढे सरकवला. "गाडी घेऊन या. अधिकारी बंद असल्याची खात्री करतील आणि सही देतील."

"अहो, बंद आहे. घेऊन कशी येऊ?"

"चालवत."

"चालवत आणली तर बंद कशी?"

"मग मुदतवाढ कशाला हवी?"

"दोरीने ओढून आणली तर?"

"तपासणी न झालेलं वाहन रस्त्यावर ओढत नेता येत नाही. नियम आहे." ते हे अगदी सौम्यपणे म्हणाले. खरं सांगतो, मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर शब्द न शब्द हेच बोललो असतो, आणि घरी जाऊन नीट जेवलो असतो. हेच जास्त लागलं.

गुरुवारी विज्ञान कामाला लागलं. भोकावर अंगठा ठेवायचा, आतून हवा अंगठा ढकलू लागली की समजायचं पिस्टन दाबायला वर येतोय, ही सगळ्यात जुनी रीत. हिने अंगठा ठेवला होता. ती एकदा "ढकलतंय" म्हणाली, एकदा "ओढतंय" म्हणाली, आणि एकदा म्हणाली की मला वाटतंय का खरंच होतंय ते आता कळेनासं झालंय. सरांना हा पुरावा मान्य नव्हता. "माणसाचा अंगठा हे मोजमापाचं साधन नव्हे," ते म्हणाले. मग डेंटिस्टबाईंनी रबरी हातमोजा आणला, सरांनी तो नळीच्या तुकड्यावर बांधला आणि नळी प्लगच्या भोकात घट्ट बसवली.

मी पाना फिरवू लागलो; जागा अरुंद, त्यामुळे एका फेरीत तो सहादा उचलून परत नटावर लावावा लागायचा. आधी हातमोज्याची बोटं आत ओढली गेली. मग एकेक बोट थरथरत उठलं आणि पाचही बोटं फुगून इंजिनावर एक पांढरा हात ताठ उभा राहिला. वॉचमनने नकळत त्याला सलाम केला. सर म्हणाले, "हे असतं प्रात्यक्षिक." डेंटिस्टबाईंनी फोटो काढला. मीही पाना धरल्या हाताने वर बघत राहिलो, आणि बघता बघता पाना आपोआप पुढे सरकत गेला. पुलीवर टॉपची एक खाच असते, ती खालच्या काट्यासमोर आली की थांबायचं असतं. त्या खाचेकडे आमच्यातला एकही माणूस बघत नव्हता.

"खाच गेली वाटतं पुढे," ही म्हणाली.

"काही हरकत नाही," सर म्हणाले, "पुली गोल आहे. खाच परत समोर येईपर्यंत फिरवा."

मी फिरवलं. खाच आली. आम्ही डिस्ट्रिब्युटर बसवला, वायरी लावल्या, मी चालकाच्या जागी बाबांच्या शेजारी बसलो आणि चावी फिरवली.

जो आवाज झाला तो चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू गेला. कार्बोरेटरमधून हातभर ज्वाळ वर आली आणि एअर फिल्टरचा कागद जळाला. सरांच्या भुवया थोडक्यात वाचल्या. सगळं शांत झाल्यावर बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "बॅटरी चांगली चार्ज झालेली दिसते."

ते चिडून बोलले नव्हते. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आता कोणाच्याही मनात यायला हवं होतं, की टॉपच चुकीचा धरला असेल. आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. का, तर हातमोजा उभा राहिलेला पाच जणांनी डोळ्यांनी बघितला होता, त्याचा फोटो होता. ज्या फाईलवर पाच सह्या झाल्या ती कोणी परत उघडत नाही, हे मी दुसऱ्यांना हजारदा सांगितलंय. मग आम्ही शुक्रवारी कॉइल बदलली. शनिवारी प्लगच्या वायरी बदलल्या. रविवारी कार्बोरेटर खोलून धुतला आणि बसवताना एक स्प्रिंग उरली. प्रत्येक वेळी चावी फिरवायची, प्रत्येक वेळी गाडी शिंकायची, खोकायची, एकदा तर मागच्या नळीतून काळं काहीतरी ओकली. आणि प्रत्येक वेळी बाबा शेजारी. रविवारी संध्याकाळी बॅटरी खरोखरच उतरली. आठवडाभर जे मी खोटं सांगत होतो ते खरं झालं, पण ते सांगायला तोंड उरलं नव्हतं.

सोमवारी अठ्ठावीस तारीख होती. मी ऑफिसला गेलो, टेबलावर बसलो आणि पाच वाजेपर्यंत घड्याळाकडे बघत राहिलो. एकाने चिठ्ठी न ठेवता फाईल नेली. मी काही बोललो नाही. घरी आलो तेव्हा ही म्हणाली, "मी सांगितलं बाबांना, की तारीख गेली."

"काय म्हणाले?"

"बरं म्हणाले."

मला वाटतं ते ओरडले असते तर मी सुटलो असतो. पण ते रोजच्यासारखे जेवले, मीठ कुठे आहे विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी चहानंतर खाली जाऊन बंद गाडीत बसले. मी वरून खिडकीतून बघत होतो. हीसुद्धा बघत होती. "तुम्ही मला एकदा तरी म्हणायचं होतं, की बाबांनाच विचारू," ती म्हणाली. मी म्हटलं, कोणत्या तोंडाने विचारू, त्यांनी एकच गोष्ट करू नका म्हणून सांगितलं होतं. ती म्हणाली, "आणि मीही तुमच्या बाजूने गप्प राहिले, वडिलांच्या शेजारी उभी राहून." त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात कामापुरतंच बोलणं झालं.

ट्रक पुढच्या शनिवारी सकाळी आला. ट्रकवाला भला माणूस होता. त्याने फक्त एक पॅड आणि पेन आणलं होतं, आणि अजून दोन गाड्या उचलायच्या आहेत म्हणाला. सर आले होते, पण आज सेक्रेटरीही नव्हते आणि शिक्षकही नव्हते, नुसतेच उभे होते. बाबा चपला घालून खाली उतरले.

"तुमच्याकडे पंधरा मिनिटं आहेत का?" त्यांनी ट्रकवाल्याला विचारलं.

त्याने बाबांकडे बघितलं, मग गाडीकडे बघितलं. "आहेत," तो म्हणाला.

"जावईबापू, एक नंबरचा प्लग काढा."

मी काढला. बाबांनी बॉनेटची कड चाचपली, हात इंजिनावरून सरकत गेला आणि अंगठा नेमका भोकावर जाऊन बसला. कुठला सिलिंडर ते कोणाला सांगावं लागलं नाही. "पाना लावा. सावकाश." मी फिरवत राहिलो. बाबांची मान थोडी तिरपी झाली. "ढकलतोय आता. अजून एकदा उचला. अर्धा. बास." ही खाली वाकून बघत होती. खाच काट्यासमोर होती. केसभराचाही फरक नव्हता.

"आता तुमचा डिस्ट्रिब्युटर बरोबर उलटा बसलाय बघा. काढा आणि अर्धी फेरी फिरवून बसवा."

मी काढला. पुन्हा एकदा, या वेळी त्यांच्यासमोर. "बाबा," मी म्हणालो, "तुम्हाला माहीत होतं?"

"त्या हातमोज्याच्या दिवशी सर प्रात्यक्षिक म्हणाले, त्यानंतर पाना एकदा उचलायचा होता. तुम्ही सात वेळा उचललात. पूर्ण एक फेरी जास्त झाली. मी मोजत होतो."

"मग बोलला का नाहीत? तेव्हा चार दिवस होते हातात."

"तुम्ही बॅटरी म्हणाला होतात ना," ते म्हणाले. "मग मी काय म्हणणार? एवढ्या माणसांसमोर जावयाला खोटं कसं पाडायचं? मला वाटलं, आज सांगाल, उद्या सांगाल."

मी रोज वाट बघत होतो की त्यांना कळू नये, आणि ते रोज शेजारी बसून वाट बघत होते की मी सांगावं. ह्यात गाडी गेली.

ट्रकवाल्याने न सांगता आपल्या बॅटरीला दोन जाड वायरी लावून दिल्या. बाबा शेजारच्या सीटवर बसले, मी चावी फिरवली. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. शिंक नाही, खोकला नाही. इतकं मऊ वाजत होतं की सरांनी तोंड फिरवलं. ही गाडीच्या दाराला धरून उभी होती आणि उघडपणे रडत होती. बाबा डोळे मिटून ऐकत बसले. ट्रकवाला पायरीवर टेकला आणि त्याने पंधरा मिनिटं झाल्यावरही काही म्हटलं नाही.

शेवटी तो पॅड घेऊन माझ्याकडे आला. "साहेब, इथे एक रकाना भरायचाय. वाहन चालू की बंद. आणि खाली सही."

मी गाडीतून उतरलो आणि पेन घेतलं. सव्वीस वर्षांत रकाना भरायला मला एवढा वेळ कधी लागला नव्हता. "चालू लिहिलं तर?" मी विचारलं.

"चालू लिहिलं तर मला नेता येणार नाही," तो म्हणाला, "आणि नोंदणी नाही, म्हणून तुम्हाला ठेवता येणार नाही. ऑफिसातून परत नोटीस येईल, परत मीच येईन. सगळे बंदच लिहितात, साहेब. कोण बघायला येतंय."

इंजिन चालूच होतं. मी पेन रकान्यावर धरून उभा राहिलो. बाबांना दिसत नव्हतं, पण मी काय करतोय ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी हात लांब केला, चावी चाचपली आणि मागे फिरवली. आवाज थांबला.

"आता लिहा," ते म्हणाले. "आता खोटं नाही."

मी बंद असं लिहिलं आणि खाली सही केली.